पांढरा वण

तिगावच्या रेल्वे फाटकाजवळच्या नर्सरीत कलमं बांधणाऱ्या दादारावचा एक नियम होता, आणि तो सगळ्या पंचक्रोशीला पाठ होता. डोळा भरला की एकवीस दिवस पट्टीला हात लावायचा नाही. संत्र्याची कलमं न्यायला आलेला शेतकरी कितीही मोठा असो, वाफ्यात शिरून तो "जरा उघडून पाहू, लागला का नाही" म्हणाला की दादाराव चाकू मिटून सरळ उभा राही. "उघडून पाहिला तं लागलेलाही मरते बाप्पा. दम निघत नसन तं दुसरी नर्सरी पाय." नर्सरीचे मालक यशवंतराव या तोंडाळपणाला वैतागत, पण दादारावने भरलेल्या शंभर डोळ्यांतले पंच्याण्णव फुटत, म्हणून गप्प बसत. दुभत्या गाईच्या लाथा गोड.

काम समजायला सोपं, करायला कंबरतोड. खुंटासाठी जंबेरीचं, म्हणजे रानलिंबाचं, वर्षाचं रोपटं घ्यायचं. जमिनीपासून वीतभर वर त्याच्या खोडाची साल चाकूने चिरायची, अलगद उचलायची आणि चांगल्या संत्र्याच्या फांदीवरून काढलेला डोळा तिच्याखाली सरकवायचा. एवढं झालं की दादाराव पुढच्या रोपाकडे सरके आणि मागून त्याची बायको शांताबाई प्लास्टिकची पट्टी गुंडाळून गाठ मारी. तो पुढे, ती मागे. दोघंही दिवसभर कमरेतून वाकलेले. एकतीस हिवाळे असेच गेले होते. एवढ्या वर्षांत दादारावने मागे वळून शांताबाईची गाठ कधी तपासली नाही, कारण ती कधी सुटलीच नाही.

पाठ मात्र दोघांचीही गेली होती. गावातल्या किराणा दुकानात पाठीची गोळी मिळे, गुलाबी, सदऱ्याच्या बटणाएवढी. दुपारी बाराला दादाराव पाकिटातून दोन गोळ्या काढी. एक स्वतः गिळे, दुसरी मागे हात करून शांताबाईला देई. वळून पाहावं लागत नसे, तिचा हात तिथे असेच. वाटणीत आपण कधी खोट केली नाही याचा त्याला थोडा अभिमानही होता. जेवणाची सुट्टी दीडला, म्हणजे गोळी रिकाम्या पोटी जाई. पण दीडपर्यंत पाठ वाकली पाहिजे, पोटाचं कोण पाहतो? शांताबाईच्या पदराला ओव्याची पुरचुंडी बांधलेली असे. दुपारनंतर ती ओवा चघळत गाठी मारी. गॅस होतो म्हणे. या वयात कुणाला होत नाही?

मागच्या दिवाळीनंतर दादारावच्या छातीखालच्या खळगीत आग पडू लागली. भूक लागली की दुखे, दोन घास खाल्ले की थांबे, पुन्हा दुखे. त्याने आधी सोडा घेतला, मग ताक, मग शेजारपाजारच्यांनी सांगितलेलं सगळं. एके सकाळी शौचाला डांबरासारखं काळं झालं आणि वाफ्यात उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा सौंसरला शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी प्रज्ञा रजा टाकून आली. तिने बापाचं काही ऐकून घेतलं नाही.

"मोठे बाबाही असेच म्हणून राहिले होते, काही नाही म्हणून," ती म्हणाली.

मोठे बाबा म्हणजे दादारावचा थोरला भाऊ भिवाजी. सहा वर्षांपूर्वी तो पोटाच्या कॅन्सरने गेला होता. त्यानेही सोडा घेतला होता, ताक घेतलं होतं, आणि डॉक्टरकडे पोचला तेव्हा फार उशीर झाला होता. दादारावला पोट दुखण्याची भीती नव्हती. आपलं भिवाजीसारखं होईल, याची होती. आणि ही भीती तो कुणाला बोलून दाखवत नव्हता.

पांढुर्ण्याला एका लहानशा दवाखान्यात दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी, नागपूरहून तृप्ती मॅडम दुर्बीण घेऊन येत. उपाशीपोटी जायचं, घशात कडू फवारा मारून घ्यायचा, डाव्या कुशीवर पडायचं आणि ती काळी नळी गिळायची. दादारावने गिळली. पडद्यावर त्याच्या जठराची गुलाबी भिंत दिसली आणि तिच्यात चिंचोक्याएवढा एक खड्डा. काठ सुजलेले, तळाला पिवळट पांढरा थर. भिवाजीचं प्रज्ञाने आधीच सांगितलं होतं, म्हणून मॅडमनी काठाचे तुकडे तपासायला काढून घेतले.

"साधीच जखम वाटते," त्या म्हणाल्या. "पाठीच्या गोळीनं झालेली. पोटात जंतूही असावेत. जंतूंची औषधं चौदा दिवस. ही आम्ल कमी करणारी गोळी आठ आठवडे, रोज सकाळी. पाठीची गोळी बंद म्हणजे बंद. आणि आठ आठवड्यांनी मी पुन्हा आत बघणार. जठरातली जखम भरलेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही. जी भरत नाही, तिच्यावर संशय घ्यावा लागतो."

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणी घेतं का या गोळ्या? कुणाला पोटाचा त्रास?"

दादारावचा घसा बधिर होता. बाहेरच्या बाकावरून उठून आत आलेली शांताबाई म्हणाली, "नाही जी. ह्यायलेच हाय."

दादारावने ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्याच्या डोक्यात तेवढा एकच शब्द अडकला होता, संशय.

तुकड्यांचा अहवाल चांगला आला. औषधं सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशीच दुखणं थांबलं. भाकरी गोड लागू लागली. इथपर्यंत सगळं ठीक होतं, मग दादारावची विद्या आडवी आली.

डोळा काढताना त्याच्या पानाचा देठ तेवढा ठेवतात. एकवीस दिवसांनी पट्टी सोडायची आणि त्या देठाला बोट लावायचं. हलक्या हाताने गळून पडला, तर डोळा लागला. वाळून चिकटून राहिला, तर मेला. दादारावने आयुष्यात लाखोंनी देठ असे पाडले होते. औषधांच्या एकविसाव्या सकाळी तो खाटेवर उताणा झोपला आणि छातीखालच्या खळगीत त्याने अंगठा दाबला. दुखलं नाही. आणखी जोरात दाबला. काही नाही. "लागला," तो म्हणाला, आणि उरलेल्या गोळ्या त्याने फळीवर ठेवून दिल्या.

शांताबाईने ते पाहिलं. "मॅडमनं आठ हप्ते सांगतले होते."

"मॅडमले काय मालूम साल कशी जुडते ते? मी लाखानं जोडल्या."

शांताबाई चुलीकडे वळली. एकतीस वर्षं जो पुढे चालला, त्याच्याशी मागच्याने काय वाद घालायचा.

डिसेंबर लागला होता. वाफ्यात हजारो खुंट वाट पाहत होते. साल सुटते तेवढेच दिवस हातात असतात, नंतर चाकू लावला की ती फाटते. दादाराव पुन्हा वाकला. तिसऱ्या दिवशी पाठ ओरडली आणि चौथ्या दिवशी बाराच्या ठोक्याला गुलाबी पाकीट पुन्हा निघालं. एक स्वतःला, एक मागे.

जानेवारीच्या मध्यात पुन्हा दुर्बिणीचा गुरुवार आला. त्याआधी आठवडाभर खळगीत पुन्हा जळजळत होतं, पण दादारावने ते कुणाला सांगितलं नाही. पडद्यावर खड्डा होता. थोडा लहान झालेला, पण उघडा. मॅडमनी नळी फिरवून तो चारी बाजूंनी पाहिला. नळी निघाल्यावर त्यांनी विचारलं, "काका, गोळी रोज घेतली न? आठ आठवडे?"

प्रज्ञा शेजारी उभी होती. शांताबाई दारात होती. पट्टी उघडणाऱ्यांना ज्याने जन्मभर हाकलून लावलं, त्या माणसाने मान हलवली. "घेतली."

"मग ही भरायला पाहिजे होती," मॅडम म्हणाल्या. या वेळी त्यांनी दुप्पट तुकडे काढले.

पुढचे पंधरा दिवस दादाराव खाटेवरून फारसा उठलाच नाही. अंगात ताकद नव्हती, आणि असती तरी उठून करायचं काय? शांताबाई नर्सरीत जाई, दुसऱ्या कलमवाल्याच्या मागे पट्ट्या बांधी, संध्याकाळी येऊन चूल पेटवी. प्रज्ञा शनिवारी येई आणि सोमवारी पहाटे परत जाई. नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची चौकशी तिने सुरू केली होती. एका रविवारी ती अंगणात फोनवर कुणाशी तरी बोलताना त्याने ऐकलं, "मोठ्या बाबाले जे झालं होतं, तेच असन तं लवकर समजलेलं बरं." पोरीचा आवाज थकलेला होता. त्या आवाजाची त्याला लाज वाटली. ती ज्याला घाबरत होती, ते कदाचित नव्हतंच. एकविसाव्या दिवसाची गोष्ट एक वाक्य होती, आणि ते वाक्य त्याच्या तोंडातून निघत नव्हतं.

बुधवारी भाकरी थापता थापता, त्याच्याकडे न बघता शांताबाई म्हणाली, "तुमी सांगता का मी सांगू?"

गुरुवारी अहवाल टेबलावर होता. "तुकड्यांत काही वाईट नाही," मॅडम म्हणाल्या. "पण एवढ्या औषधांनी जखम भरत का नाही, ते मला कळत नाही. नागपूरला दाखवू या. पोटाचा फोटो काढावा लागेल, कदाचित आणखीही काही."

"मॅडम," दादाराव म्हणाला, "मी एकविसाव्या दिवशी गोळ्या सोडल्या. अन् पाठीची गोळी पुन्हा सुरू केली."

प्रज्ञाने तोंड भिंतीकडे केलं. दादारावने मग सगळं सांगितलं. डोळा, पट्टी, देठ, खळगीत दाबलेला अंगठा. मॅडम रागावतील अशी त्याची तयारी होती. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दोन्ही वेळचे फोटो काढून त्याच्यासमोर शेजारी शेजारी मांडले.

"हा पहिला. हा तळाचा पांढरा थर म्हणजे मेलेलं मांस आणि गोठलेला स्राव. आणि हा दुसरा. काठाला ही लाल कड दिसते? हे तुमच्या एकवीस दिवसांचं काम आहे. तुमचं पोट काही बसून नव्हतं, काका."

मग त्यांनी पेनाच्या टोकाने दाखवत सांगितलं. जखम झाली की तळाशी आधी केसाहून बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्यांच्याभोवती लाल, दाणेदार, कोवळं मांस भरत येतं. ते वर आलं की काठावरच्या पेशी सपाट होतात आणि एकमेकींना धरून त्या मांसावरून सरकत येतात. आठवड्याला ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर, फार तर. चारी बाजूंनी त्या मधोमध भेटल्या की खड्डा झाकला जातो. पण ती एका पेशीएवढ्या जाडीची चादर असते, फुंकर मारली तरी उडेल अशी. मग ती चादर जागोजागी खाली दुमडते, नव्या ग्रंथी तयार होतात, आधी वेड्यावाकड्या, मग हळूहळू सरळ. तोवर वण लाल दिसतो. खालचे तंतू घट्ट झाले, जादा रक्तवाहिन्या विरल्या की मग तो पांढरा होतो. याला महिने लागतात.

"दुखणं थांबतं ते आम्ल कमी झाल्यामुळं. जखम भरल्यामुळं नाही. तुम्ही अंगठा दाबला तेव्हा पेशी अर्ध्या वाटेत होत्या. आणि त्यांच्या वाटेवर तुम्ही परत पाठीची गोळी टाकली. पोटाच्या भिंतीवर एक बुळबुळीत थर असतो, तो आम्लापासून वाचवतो. ही गोळी तो थर तयार करणंच मंद करते, रक्तही कमी पोचू देते." त्यांनी विचारलं, "मला सांगा, कलम एकवीस दिवसांत लागलं, की लगेच आधाराची काठी काढता?"

"नाही जी. वरसभर काठीले बांधून ठेवा लागते. नाही तं वाऱ्यानं जोडावरूनच मोडते."

"का? लागलेलं आहे न?"

दादारावने दुसरा फोटो जवळ ओढला. जुळणं वेगळं आणि वारा सोसण्याजोगं होणं वेगळं, हे त्याने कितीतरी पोरांना शिकवलं होतं. आपल्याच पोटाला मात्र त्याने काठी ठेवली नव्हती. बाहेर आल्यावर प्रज्ञा एवढंच म्हणाली, "बाबा, मी पंधरा दिवस झोपली नाही," आणि रिक्षा बघायला पुढे निघून गेली. 

या वेळी त्याने दहा आठवडे एकही दिवस चुकवला नाही. पाठ दुखली तर गरम विटेचा शेक घेतला. काम सोडलं. सोडलं म्हणजे काय, सुटलं. चाकू खुंटीला होता आणि त्याच्या जागी दुसरा कलमवाला आला होता. शांताबाई पट्ट्या सोडायला, निंदायला नर्सरीत जातच होती. दादाराव दिवसभर ओसरीवर बसून नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या बघे. आत काय चाललं असेल, कुठवर सरकल्या असतील त्या, असं त्याच्या मनात येई. ज्वारीचा एक दाणा, दोन दाणे. आपण नुसतं बसून असताना आपल्या आत कुणीतरी एवढं खपतंय, याचंच त्याला नवल वाटे. थकवा मात्र जात नव्हता. तो पोटाचा नव्हताच बहुधा, एकतीस हिवाळ्यांचा होता.

एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी तिसऱ्यांदा नळी गिळली. पडद्यावर खड्डा नव्हता. त्याच्या जागी भिंतीच्या सुरकुत्या चारी बाजूंनी येऊन एका ठिकाणी मिळाल्या होत्या, आणि मधोमध फिकट, जवळजवळ पांढरा ठिपका होता.

"हा बघा तुमचा वण," मॅडम म्हणाल्या, आणि त्या पहिल्यांदाच हसल्या. "अजून जरासा गुलाबी आहे, होईल पांढरा. तुमच्या भावाचं जे होतं, ते हे नाही. आता निर्धास्त राहा."

दादारावला रडू आलं. घसा बधिर असल्यामुळे ते धड बाहेरही येईना. प्रज्ञाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, जानेवारीनंतर पहिल्यांदाच.

"पाठीची गोळी पुन्हा नाही, काका. कधीच नाही."

"नाही जी," तो सांगू लागला. सांगण्यासारखं त्याच्याजवळ आता थोडं होतं. "जानेवारीत गुलाबी गोळ्यांचं भरलेलं पाकीट फळीवर ठेवलं, ते आजही डोयासमोर हाय. अर्धं पाकीट रोज पायतो, पण हात नाही लावला."

हे बोलून तो थांबला. भरलेलं ठेवलं होतं. आता अर्धं होतं.

तो तसाच उठून बाहेर आला. बाकावर शांताबाई बसली होती, जशी तिन्ही वेळा बसली होती. गाल भरून ओवा. त्याने तिचा हात धरला आणि उजेडाकडे फिरवला. जिने लाखो पट्ट्या ओढल्या, त्या अंगठ्याला खोल चर पडलेला होता. नखं पांढरीफटक होती, त्यांत रक्ताचा टिपूस दिसत नव्हता. रोपाचं पान जरा पिवळं पडलं तर त्याला दहा पावलांवरून कळे. हा हात त्याने केव्हा बघितला होता?

"किती दिवसांपासून दुखते?"

"ह्यायचं झालं न बरं?" ती प्रज्ञाला म्हणाली. "चाला मंग घरी. उन्ह होऊन राहिलं."

"शांता."

तिने तोंडातला ओवा थुंकला. "तुमची पाठ दुखाले लागली न, तवापासून. मधात थांबलं होतं. अन् तुमी पडले असताना मीही पडली असती, तं पोरीनं कोणाकोणाले पाहिलं असतं?"

मॅडम दारात आल्या होत्या. त्यांनी शांताबाईची खालची पापणी ओढून पाहिली आणि प्रज्ञाला म्हणाल्या, "लवकर बघायला हवं. पण उपाशी यावं लागेल, म्हणजे पंधरा दिवसांनी, माझ्या पुढच्या फेरीला."

"उपाशीच हाय जी," शांताबाई म्हणाली. "हे उपाशी निघाले तं मी कशी खाऊ?"

तिला आत नेलं. दादाराव बाकावर बसला. पदराची ओव्याची पुरचुंडी तिने सोडून त्याच्या हातात दिली होती. ती मुठीत धरून तो बंद दाराकडे बघत राहिला. आतून तिच्या उमाशांचा आवाज आला, मग तोही थांबला. त्याच्यासाठी तीन वेळा ती इथे बसली होती. त्याची ही पहिलीच वेळ होती, आणि वीस मिनिटं निघता निघत नव्हती.

मॅडम फोटो घेऊन बाहेर आल्या. "जखम आहे, पण लहान आहे. तुकडे घेतलेत, घाबरू नका, साधीच वाटते. रक्त फार कमी झालंय, ते आधी बघू." मग त्यांनी फोटोतल्या दुसऱ्या जागेवर बोट ठेवलं. "आणि हे इकडे. ओळखता न आता?"

दादारावने ओळखलं. चारी बाजूंनी आलेल्या सुरकुत्या आणि मधोमध ठिपका. त्याच्यासारखा गुलाबी नव्हता. लख्ख पांढरा होता.

"जुना आहे, पक्का. तुमच्यापेक्षा मोठी जखम असणार. औषध नाही, आराम नाही, तरी आपली आपण भरली. केव्हा आजारी होत्या या एवढ्या? काही वर्षांपूर्वी?"

दादारावने आठवून पाहिलं. एकेक हिवाळा त्याने मागे सारला. प्रत्येक हिवाळ्यात बारा वाजता मागे केलेल्या हातापाशी तिचा हात होता. एकही गाठ सुटलेली नव्हती.

"मालूम नाही मॅडम," तो म्हणाला. "मी पुढं होतो."